मासळी आली म्हणजे बोट आली

कुंदा, तुझं तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी सकाळी सोसायटीचा सेक्रेटरी दारात हजर. चपला काढायच्या आधी त्याची नजर तुझ्या टेबलावर गेली. मी बघितलं. दुखवट्याला आलेला माणूस खाली मान घालून बसतो, दोन शब्द बोलतो. हा बसला, पाणी अर्धं प्याला आणि म्हणाला, "मिस्त्री, काकींचा लॅपटॉप जरा लागला असता."

"कशाला?"

"मूळ प्रोग्राम त्याच्यातच आहे. आता सगळं नवीन करायचं चाललंय. पुण्याहून बाई येणार आहेत."

"बाई येतील तेव्हा बघू."

"उगाच संशय घेऊ नका हो."

संशय हा शब्द मी काढला नव्हता. त्याने काढलान. तो गेल्यावर लॅपटॉप मी तुझ्या साड्यांच्या कपाटात ठेवला, कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधतात तशी करदोट्याला बांधली. हस खुशाल. पण माझ्या पोटात काय होतं ते सांगतो. मला वाटलं, ही माणसं तुझा प्रोग्राम उघडणार, त्यातली चूक शोधणार आणि दत्ताराम तांडेलाच्या बोटीचं जे झालं त्याचं खापर कायमचं तुझ्या नावावर फोडणार. सभेत लिहून ठेवणार. आणि तू उत्तर द्यायला नाहीस. मी आहे, पण मला त्यातलं काय कळतं?

मी संशयी आहे हे तू लग्नानंतर आठ दिवसांत ओळखलंस. मालगुंडहून तुझा भाऊ फणस घेऊन आला तर मी विचारलं होतं, हा मध्येच फणस कशाला? तू म्हणालीस, "खायला." तेवढ्यावर तो विषय तू संपवलास. तसे माझे सगळे विषय तूच संपवायचीस. आता एकही संपत नाही.

मिरकरवाड्याच्या धक्क्यावरून कुठली बोट कधी सुटली, तांडेल कोण, त्याच्याबरोबर किती खलाशी, किती दिवसांचा शिधा, कधी परतली, हे तू सोसायटीच्या वहीत लिहायचीस. मग सोसायटीने कंप्युटर आणला आणि झाकून ठेवला, कारण तो कुणालाच येत नव्हता. तू क्लास लावलास. चाळिशी आलेली बाई, कॉलेजातल्या पोरींच्या बाकावर बसून फॉक्सप्रो शिकलीस. मी तेव्हा म्हटलं होतं, त्या क्लासवाल्याचा काहीतरी डाव आहे. कसला डाव ते मला आजही सांगता येणार नाही.

आणि मग तू तो प्रोग्राम लिहिलास. बाहेर असलेली बोट पडद्यावर पिवळी. परत आलेली हिरवी. ठरलेले दिवस उलटले आणि परतली नाही की लाल. लाल दिसली की बाकीच्या बोटींना निरोप जायचा, शोधाशोध सुरू व्हायची. एवढंच. पण त्या एवढ्यावर कितीतरी घरांतल्या बायका रात्री पाठ टेकायच्या. तू रिटायर झालीस तरी त्याची देखभाल तुझ्याचकडे राहिली, कारण दुसऱ्या कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

प्रोग्राममध्ये चूक निघाली की तू जेवताना जेवत नसायचीस. घास तोंडाशी आणि डोळे भिंतीवर. तू त्याला बग म्हणायचीस. एकदा अशीच बसलेली असताना मी म्हटलं, "बोटीच्या इंजिनात कुठला सिलिंडर मेलाय ते कळत नसलं तर मी काय करतो ठाऊक आहे? चालू इंजिनावर एकेका डिझेलच्या नळीचा नट सैल करतो. जिवंत सिलिंडरचा सैल केला की आवाज पडतो. ज्याचा सैल करूनही आवाज तसाच राहतो, तोच मेलेला."

तू हातातला घास ताटात ठेवलास. मग म्हणालीस, "अहो, हे तर मलाही करता येईल."

तुझ्या त्या भाषेत ओळीच्या आधी ताऱ्याची खूण केली की यंत्र ती ओळ वाचत नाही, सोडून पुढे जातं. तू एकेका ओळीला तारा लावून बघत गेलीस आणि दुपारच्या जेवणाआधी चूक धरलीस. मला गुरू म्हणालीस. चौथी पास माणसाला. मी आठवडाभर धक्क्यावर ताठ चालत होतो, लोकांना वाटलं कंबर धरलीय. तो तारा तुला आणखी एका कामाला यायचा. स्वतःसाठी काही शेरा लिहून ठेवायचा असला की तारा काढून पुढे लिहायचीस. यंत्राला दिसत नाही, माणसाला दिसतो.

नव्या भाषेचा वाद आपला अर्ध्यावर राहिला. सोसायटीने नेमलेली ती पुण्याची तेजश्री फोन करायची आणि तू आतल्या खोलीत जाऊन दार लोटायचीस. पायथन, वेब, ॲप, असलं काहीबाही कानावर यायचं. मला जे कळत नाही ते मला खपत नाही. मी म्हटलं, "चालतं इंजिन कोण उघडतं? फॉक्सप्रो चाललंय ना?"

"चाललंय. पण त्याचे पार्ट मिळेनासे झालेत असं समजा. मी नसले तर रत्नागिरीत ही भाषा वाचणारं कोण आहे?"

"मग ती पोरगी म्हणते तसं तांडेलांच्या मोबाईलात घाल."

"जाळं ओढताना, ओल्या हातांनी मोबाईल काढून तांडेल नोंद करील होय? नोंद धक्क्यावरच झाली पाहिजे. ती म्हणते ते वेबवालं मला पटतंय. पण आधी ही जुनी चूक सापडू दे. नाहीतर तीच चूक मी नव्या भाषेत सुवाच्य लिहून ठेवीन."

ती जुनी चूक. बाहेर असलेली बोट कधीमधी हिरवी दिसायची. वर्षातून एखाद्या वेळी. तांडेल परत आला की हसून म्हणायचा, "काकी, तुमच्या कंप्युटरनं आम्हाला आधीच आणलान." तूही हसायचीस, पण घरी येऊन जेवायची नाहीस.

मग यंदा वैशाखात दत्तारामची बोट परतायची राहिली. शकू, त्याची बायको, तुझी कितीएक वर्षांची मैत्रीण. ती ऑफिसात आली तेव्हा तू प्रोग्राम बघायला गेलेली आणि मीही तिथंच होतो, जनरेटर उघडून बसलेला. म्हणून हे मला कुणी सांगितलेलं नाही, कानांनी ऐकलेलं आहे.

"कुंदा, आमचा मानूस आला नाय गो अजून. बघ जरा."

तू पडद्यावर बघितलंस. "आलीय की बोट. परवाच आलीय. ही बघ हिरवी."

"आली तर घरी कसा नाय?"

सेक्रेटरी मागून म्हणाला, "बसला असेल कुठंतरी दारू टाकून."

"टाकायची सोडलीन त्याला चार वर्सं झाली. कुंदा, मी त्याची बायको सांगतंय की घोव घरी नाय, नि तू त्या काचंत काय बघतंस?"

आणि तू म्हणालीस, "शकू, ह्यात अशी चूक नाही होत."

तू खोटं बोललीस असं मी म्हणत नाही. तुला त्या क्षणी तसं वाटायचं होतं म्हणून तसं वाटलं. पण एक आख्खा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दाभोळच्या बाजूला एका बोटीला ते दिसले. इंजिन बंद, फोनला रेंज नाही, प्यायचं पाणी संपलेलं. ओढून आणले. सगळे जिवंत. एका म्हाताऱ्या खलाशाला सलाईन लावावं लागलं. शकू धक्क्यावर तुझ्यासमोरून गेली ती तोंड फिरवून. नंतर तिने तुझ्याशी शब्द काढला नाही. तुझ्या तेराव्यालाही आली नाही.

पावसात मासेमारीची बंदी लागली, बोटी वर ओढल्या गेल्या, आणि तू त्या चुकीच्या मागे लागलीस. सकाळी बसायचीस ती कुकरच्या शिट्ट्या मोजायलाही उठायची नाहीस. मी भात लावायला शिकलो तो तेव्हा. मग श्रावणात एकदा मी बाजारातून आलो आणि तू झटकन लॅपटॉप मिटलास. मी पिशवी खाली ठेवली नाही, तसाच उभा राहिलो.

"सापडली?"

"सापडली. काढली."

"कुणाची होती?"

"माझीच."

"कुठली ते सांग की."

"तुम्हाला नाही कळायची."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू मला माझी चौथी दाखवलीस. मला काय वाटलं असेल? मी ओरडलो, "तू कुणाला तरी पाठीशी घालतंस!"

तू माझ्या हातातली पिशवी घेतलीस आणि म्हणालीस, "घालते. माझी मर्जी."

दुसऱ्या दिवशी सोसायटीत जाऊन चारचौघांत सांगून आलीस की चूक माझी होती, दुरुस्त केली आहे, नवीन काम सुरू करायला हरकत नाही. मला वाटलं, सेक्रेटरी. त्यानेच नको ती कळ दाबलीन आणि तू त्याची नोकरी वाचवतेस. मी चार दिवस तुझ्याशी बोललो नाही. चहा ठेवलास तो प्यायलो, कप विसळून ठेवला, बोललो नाही. पाचव्या दिवशी तुला ताप भरला. त्यानंतर खूप बोललो, पण ते गोळ्यांचं, पेजेचं, कूस बदलायचं. ह्या विषयावर तू काही काढलं नाहीस आणि मीही काढलं नाही. मला वाटलं, बरी हो, मग भांडू.

तेजश्री गेल्या आठवड्यात आली. मी समजत होतो कुणी झगमगीत पोरगी असेल. ही चष्मा लावलेली, पन्नाशीकडे झुकलेली, बसमध्ये उलटी झालेली बाई. तिला आलं-लिंबू दिलं, कपाट उघडलं, लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि तिच्या कोपराला लागून स्टुलावर बसलो.

"काका, मी काही चोरणार नाही."

"ते तुला ठाऊक. मी बसतो."

"बसा. काकू सांगायच्याच, ह्यांच्या नजरेखाली काम करायची सवय ठेव म्हणून."

तू हेही सांगून ठेवलं होतंस. ती वाचत गेली. इंग्रजी अक्षरांत तुझं मराठी मधूनमधून येत होतं, ताऱ्याच्या ओळींत. "इथं हात लावू नये." "हे का चालतं ते कळत नाही पण चालतं." तेजश्री हसत होती, मी हसत नव्हतो. मग ती थांबली. चष्मा काढून पुसला. मी म्हटलं, "काय? वाच."

"काका, हे राहू दे."

"का राहू दे? माझ्या बायकोचं आहे. वाच."

तिने वाचलं. आधी एक जुना शेरा: मासळी आली म्हणजे बोट आली, ह्यांनी सुचवलं. आणि त्याच्या खाली, ह्या श्रावणातला: चूक इथेच आहे, मासळी दुसऱ्या बोटीतूनही येते, ओळ काढली, ह्यांना सांगू नये.

मी तिला दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी बोट ठेवून.

मग मला आठवलं. अगदी सुरुवातीचे दिवस. तू धक्क्यावरून बोट आल्याची नोंद करायचीस आणि पुन्हा लिलावाच्या वेळी त्याच बोटीची मासळी लिहायचीस. संध्याकाळी पाय चेपत बसलेली. मी म्हटलं, "दोनदा कशाला मरतंस? लिलावाला मासळी लागली की बोट आली असं त्या यंत्रालाच सांगून टाक. मासळी काय एकटी चालत येते धक्क्यावर?" आपण दोघं हसलो होतो. तू दुसऱ्या दिवशी ती ओळ घातलीस. तेव्हा ते खरंच होतं. बोटी जवळ जायच्या, आपली मासळी आपण घेऊन यायच्या.

आता बोटी लांब जातात. मासळी भरपूर लागली की तांडेल ती भावाच्या, मेव्हण्याच्या परतणाऱ्या बोटीत चढवतो आणि स्वतः मागे राहून आणखी जाळी टाकतो. लिलावाला मासळी लागते ती ज्याने धरली त्या बोटीच्या नावाने. दत्तारामने तेच केलं होतं. मासळी चुलतभावाबरोबर आली, तुझा पडदा हिरवा झाला आणि दत्ताराम समुद्रात राहिला. ही पद्धत ह्या बंदरात माझ्याइतकी कुणाला ठाऊक आहे? मी त्या बोटींची इंजिनं उघडतो. कुठली बोट कुणाची मासळी घेऊन आली ते मला वासाने कळतं. पण मी एकदाही दोन आणि दोन जोडले नाहीत. सगळ्या जगावर संशय घेतला. क्लासवाल्यावर, सेक्रेटरीवर, ह्या तेजश्रीवर, शेवटी तुझ्यावरसुद्धा. माझ्यावर घ्यायचा राहिला.

आणि कुणाला तरी पाठीशी घालतेस हे तर तू मला तेव्हा तोंडावर सांगितलंस की; तो मीच, एवढंच गाळलंस. मर्जी माझी, म्हणालीस. मी त्या मर्जीवर चार दिवस अबोला धरला.

कुंदा, मी तुझा आभारी आहे, आणि मला तुझा रागही आलाय, दोन्ही लिहितो. तू माझी लाज राखलीस. पण मला सांगायचं होतंस ना. मी आरडाओरडा केला असता, जेवलो नसतो, दोन दिवस धक्क्यावर जाऊन बसलो असतो. आणि मग शकूच्या दारात जाऊन उभा राहिलो असतो. एवढा तरी मी माणूस आहे. की तुला त्याचाही भरवसा नव्हता? बघ, पुन्हा संशय.

तेजश्री म्हणाली, "काका, काकूंनी ओळ काढलेलीच आहे, नव्या प्रोग्राममध्ये ती येणारही नाही. हा शेरा मी पुसून टाकते. त्यांची तशीच इच्छा होती. कुणाला कळायचं कारण नाही."

मला आधी वाटलं, ही माझ्या भल्याचं का बोलते? मग वाटलं, खरंच, पुसू दे. तू गेलीस, तुझं नाव लोक विसरतील, माझं चांगलं राहील. हे माझ्या मनात आलं, कुंदा. किती वेळ राहिलं ते सांगत नाही.

"पुसायचं नाही," मी म्हटलं. "हे कागदावर काढून दे. दोन्ही ओळी. एक प्रत सेक्रेटरीला जाऊ दे."

कागद खिशात घालून मी तसाच मिरकरवाड्याला गेलो. लिलाव संपत आला होता. शकू तिच्या नेहमीच्या जागी मासळीची पाटी लावून बसली होती, आजूबाजूला चारपाच जणी. मला बघून तिने बांगड्यांच्या ढिगात हात घातलान, जसं काही मी गिऱ्हाईक.

"शकू, दत्तारामची बोट हिरवी दिसली ती माझ्यामुळं. कुंदाची चूक नव्हती."

"काय बोलताव मिस्त्री? तुम्ही कधी कंप्युटर शिकलाव?"

"नाय शिकलो. म्हणूनच झालं."

उभ्यानेच सगळं सांगितलं. मासळीचं, माझ्या शहाणपणाचं, त्या दोन ओळींचं. कागद पुढे केला, तिने घेतलान नाही, तिला वाचता येत नाही. शेजारणीच्या पोरीने मोठ्याने वाचला. ह्यांना सांगू नये, इथवर आल्यावर एक जण म्हणाली, "बाई गो." मला वाटलं होतं शकू मला शिव्या घालील. मी त्या खायला तयार होऊन गेलो होतो.

ती म्हणाली, "मी तिच्या तेराव्याला आलं नाय."

"ठाऊक आहे."

"आजारी होती तेव्हा तुमच्या दारावरून गेलं. दोनदा. आत आलं नाय."

हे मला ठाऊक नव्हतं. तुला होतं का? तुझं अंथरूण खिडकीशी होतं.

"मिस्त्री, ती माझ्यावर राग धरून गेली काय?"

"नाही."

"कशावरनं?"

हा माझा प्रश्न आहे, कुंदा. जन्मभर मी हाच लोकांना विचारत आलो. कशावरून? तू मला शकूबद्दल एक अक्षर बोलली नव्हतीस, मी विचारलं नव्हतं. माझ्याकडे पुरावा म्हणून काहीही नव्हतं. मी तिला म्हटलं, "मी राहिलोय तिच्याबरोबर."

शकूने पदराने तोंड पुसलंन, पाटी बाजूला ओढलीन आणि फळीवर मला बसायला जागा केलीन.